मूठ उघडेपर्यंत

"समजलं ना काका?" नेरूरकर मॅडमनी विचारलं.

"हो," बुधाजी म्हणाला.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, सुंदराबाईने, मान वर केली. हे ‘हो’ ती तेहेतीस वर्षं ऐकत आली होती. खरोखर कळलं की बुधाजी काहीतरी उलट विचारायचा, निदान "बरं, मग?" तरी म्हणायचा. काहीच कळलं नाही की नुसतं ‘हो’, आणि मान एकदा खाली.

मॅडम पस्तिशीच्या डॉक्टर होत्या. चांगल्या होत्या, घाईत असूनही समजावून सांगत होत्या. अर्धं त्यांनी बुधाजीकडे तोंड करून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आतड्यातली गाठ काढली, पण तिचं बी लिव्हरमध्ये पडलं. तिथं आता पाच गाठी आहेत. केमोला त्या दाद देत नाहीत. आता एक उपाय आहे. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत न्यायची आणि तिच्यातून केसाहून बारीक मणी सोडायचे. मण्यांत किरणं असतात. ते गाठीच्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात आणि तिथंच बसून गाठ जाळतात. एवढं बुधाजीने मॅडमच्या ओठांवरून उचललं होतं, कारण ‘मणी’ कळल्यावर त्याने विचारलं होतं, "काचेचे?" मॅडमना हसू आलं होतं. "काचेचेच, काका."

मग मॅडम खुर्ची फिरवून स्क्रीनकडे वळल्या. पुढचं सगळं त्या स्क्रीनशी बोलल्या.

"पण आधी एक रंगीत तालीम करावी लागते. हे बघा, लिव्हरच्या रक्तवाहिनीला एखादी फांदी असते, ती जठराकडे जाते. मणी चुकून तिकडे गेले तर जठराला जखमा होतील, फार वाईट. म्हणून आधी नळी घालून फोटो काढायचे, फांदी शोधायची, बंद करायची. फोटो काढताना मी म्हणेन, श्वास रोखा. बारा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा, हलायचं नाही. तुम्ही जागे असणार, त्यामुळे सगळं तुमच्या हातात आहे. समजलं ना काका?"

आणि त्या वळल्या तेव्हा बुधाजी ‘हो’ म्हणाला.

सुंदराबाईने परळच्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं आयाचं काम केलं होतं. नवऱ्याच्या मिलच्या संपानंतर चूल पेटायची तर घरातल्या बाईने बाहेर पडणं भाग होतं. बेडपॅन, चादरी, रात्रीतून गेलेल्या पेशंटचे डोळे मिटणं, सगळं तिने केलं होतं. डॉक्टरपासून काही लपवणाऱ्या नातेवाइकांचा तिला भारी राग यायचा. कुणी दारूचं लपवायचं, कुणी गावठी औषधाचं. ती वॉर्डात सगळ्यांसमोर झापायची, "डॉक्टरला खोटं सांगता? मग बरं कोण करणार, मी?"

आता ती स्वतः खुर्चीच्या कडेवर बसून पर्सचा बंद पिळत होती आणि बोलत नव्हती. कारण पलीकडच्या खुर्चीवर जगदीश बसला होता. त्यांचा मुलगा.

*

बुधाजी कासारे मिलमध्ये रिंगखात्यात होता. लांबच लांब फ्रेमा, सूत कातणाऱ्या हजारो चात्या एकदम फिरायच्या. तिथं बोलणं नव्हतंच. ओरडून घसा फुटला तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. सगळा कारभार हातांचा. अंगठा खांद्यावरून मागे दाखवला की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. दोन बोटं ओठांशी नेली की विडी मारायला चल. मूठ वर केली की फ्रेम थांबव. पंजा उघडला की चालू कर. बुधाजी अठराव्या वर्षी लागला तेव्हा आठवड्यात सगळं शिकला. ऐकणं कधी कमी झालं ते त्यालाही कळलं नाही, कारण जिथं कुणालाच ऐकू येत नव्हतं तिथं बहिरा ओळखायचा कसा?

ब्याऐंशीत संप झाला. बुधाजी संपात शेवटपर्यंत राहिला. दीड वर्षाने मिलचे दरवाजे थोडे उघडले. थोड्या माणसांना परत घेणार होते. बुधाजी सदरा इस्त्री करून गेला आणि दुपारच्या आत परत आला. चाळीच्या गॅलरीत माणसं जमली. "काय झालं रे?" तो म्हणाला, "संपवाला म्हणून घेतलं नाय."

नायगावच्या त्या बीडीडी चाळीत त्या दिवसापासून बुधाजीचं वजन वाढलं. माणूस वाकला नाही, म्हणून बाहेर राहिला.

सुंदराबाईला खरं कळलं ते दोन दिवसांनी. जगदीश तेव्हा सहा महिन्यांचा होता. ती नळावर गेली होती. परत आली तर पोर पाळण्यात रडून निळं झालेलं, आणि पाळण्याकडे पाठ करून हातभर अंतरावर बुधाजी पेपर वाचत बसलेला. शांतपणे. तिने पोर उचललं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने तिचं तोंड पाहिलं, पोराचं तोंड पाहिलं, आणि पेपर खाली ठेवला.

परत घेण्याआधी कान तपासायला मिलच्या डॉक्टरने त्याच्या मागे उभं राहून आकडे म्हटले होते. आकडे म्हणतोय हेच बुधाजीला कळलं नव्हतं. कारकुनाने कागदावर शिक्का मारला.

"कुणाला सांगू नको," तो म्हणाला होता. "मिलने बहिरा केला आणि बहिरा म्हणून काढला, हे काय सांगत फिरू? त्यापेक्षा संपवाला म्हणून काढला हे बरं. निदान त्यात लाज नाय."

तिने सांगितलं नाही. उलट ती त्याचे कान झाली. दुकानात ती अर्धं पाऊल पुढे उभी राहायची आणि दुकानदाराचं बोलणं वळून, ओठ नीट हलवत, पुन्हा बोलायची, जणू तिला सवयच आहे दोनदा बोलायची. बुधाजी लालबागला मसाल्याच्या डंकावर लागला. तिथं दिवसभर लोखंडी मुसळं आदळत असत, तिथंही सगळे हातानेच बोलत. सत्तावीस वर्षं त्याची तिथं सुखात गेली. घरी फोन आला की तो अंघोळीला जायचा. चाळीत त्याचं नाव झालं होतं अबोल आणि विचारी म्हणून. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तो इतका टक लावून बघायचा की माणसं आपली दुःखं घेऊन त्याच्याकडे यायची. शेजारच्या रमाबाई सांगायच्या, "सुंदरे, तुझा नवरा ऐकून घेतो गं. आमच्याकडे भिंतीशी बोलल्यासारखं."

सुंदराबाई ओठ दाबून हसू गिळायची.

बाबांना वयामुळे थोडं कमी ऐकू येतं, एवढंच जगदीशला माहीत होतं. आणि जगदीश बापाची गोष्ट आपल्या ऑफिसात सांगायचा. ऑफिस लोअर परळला, मिलच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. तो खिडकीतून बोट दाखवून सांगायचा, "माझा बाप इथं होता. संप मोडला नाय म्हणून याच गेटवरून परत पाठवला."

*

तालमीच्या दिवशी बुधाजीला ढकलगाडीवरून आत नेलं. दार बंद होताना त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती दाराबाहेर राहणार हे त्याला बहुधा तेव्हाच कळलं.

ती बाकावर बसली. आपण काय केलंय हे तिला ठाऊक होतं. आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क असणार. बावीस वर्षं तिने तसली तोंडं पाहिली होती, नुसते डोळे. त्या डोळ्यांवरून बुधाजी काय वाचणार होता?

जगदीश मोबाइल चाळत म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. रूटीन आहे."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. हेरंब नावाचा टेक्निशियन बाहेर आला, अंगात जाड एप्रन, कपाळावर घाम. "मावशी, काका घाबरलेत का खूप? काही सांगितलं की हो म्हणतात आणि करत काहीच नाहीत. श्वास रोखा म्हटलं तर मान वर करून आमच्या तोंडाकडे बघतात. शेवटी तर पायच ओढून घेतला. नळी होती हो आत."

"रक्त?" सुंदराबाई उभी राहिली.

"थांबवलं. पण मॅडमनी केस बंद केलीय."

आत बुधाजी उताणा पडला होता, जांघेवर वाळूची पिशवी. सहा तास पाय हलवायचा नव्हता. त्याचे डोळे तिला शोधत होते, सापडल्यावर तिथंच चिकटले. ओठ न हलवता त्याने अंगठा किंचित खांद्याकडे नेला. जॉबर येतोय. मागून नेरूरकर मॅडम येत होत्या.

*

चार दिवसांनी पुन्हा तीच खोली, त्याच खुर्च्या.

"फोटो सगळे हललेत," मॅडम म्हणाल्या. "जठराजवळ काहीतरी आहे, पण फांदी आहे की सावली, मला सांगता येत नाही. अंदाजाने मी मणी सोडणार नाही."

"पूर्ण भूल देऊन करता येईल ना?" जगदीशने विचारलं.

"तेच बघितलं. पण कापसाच्या धुळीने यांची फुप्फुसं खराब झालीत. भूलतज्ज्ञ नाही म्हणाले. श्वासाच्या नळीवर घेतलेला माणूस तिच्यावरून उतरेल याची खात्री नाही." त्या थांबल्या. "मी आणखी एकदा करून बघेन. एकदाच. पण काकांनी सहकार्य नाही केलं तर मग दुसरा उपाय माझ्याकडे नाही. गाठी महिन्याभरात वाढल्यात."

जगदीश बापाकडे वळला. "बाबा, काय हे? पंधरा सेकंद! लहान पोरगं करेल. तुमाला जगायचंय की नाय?"

"हो," बुधाजी म्हणाला.

तेव्हा सुंदराबाईने खुर्ची फिरवली. सबंध संसारात तिने नवऱ्याशी भांडण केलं होतं, अबोला धरला होता, एकदा ताटही आपटलं होतं. पण त्याच्याकडे पाठ करून त्याच्याविषयी ती कधी बोलली नव्हती. ती तिने स्वतःला घातलेली बंदी होती. आता तिने पाठ पूर्ण वळवली, पदर तोंडाशी घेतला, खिडकीच्या काचेतसुद्धा तिचे ओठ दिसू नयेत म्हणून.

"मॅडम, त्यांना ऐकू येत नाय."

"थोडं कमी..." जगदीश म्हणाला.

"थोडं नाय रे. काहीच नाय. तुझ्या जन्माआधीपासून. ओठ बघून चालवतात. तुम्ही सगळे तोंड बांधून होता, कसं कळणार त्यांना? आणि मिलने पण त्यासाठीच काढला. संपासाठी नाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. जगदीशचं तोंड उघडं राहिलं आणि त्याने बापाकडे पाहिलं. ते एक पाहणं पुरे झालं. सुंदराबाई वळली तेव्हा बुधाजीला सगळं कळून चुकलं होतं.

"अहो..." ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले. त्याचे डोळे बंद झाल्यावर तिला बोलायला जागाच उरली नाही.

मॅडमनी त्याच्या हाताला हात लावला, त्याने डोळे उघडले, आणि त्या ओठ मोठे हलवत म्हणाल्या, "काका, काही हरकत नाही. हेरंब हात वर करेल, तुम्ही त्याच्याकडे बघून श्वास रोखा."

"मला ऐकू येतं," बुधाजी म्हणाला. आणि उठून बाहेर गेला.

*

पुढची तारीख आठ दिवसांनी होती. बुधाजी खिडकीशी बसून राहायचा, खिडकीकडे तोंड करून. जेवायला हाक मारायची सोय नव्हती, खांद्याला हात लावला तर झटकायचा. जगदीश ऑफिसातून यायचा, चप्पल काढायचा आणि बापाच्या पाठीकडे बघत उभा राहायचा. एक दिवस तो हळूच म्हणाला, "आई, मी सगळीकडे सांगत फिरलो गं."

"सांगितलंस ते चूक नाय. संपात होतेच ते."

"पण..."

"पण काय? कान कुठं गेले त्यांचे, ते नाय विचारायचं?"

रमाबाई खीर घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "ऐकलं, अंगात किरणं सोडणार म्हणे. मग ती भिंतीतून आमच्याकडे नाय ना येणार? सून पोटुशी आहे माझी."

"अजून सोडली नायत," सुंदराबाई म्हणाली. "सोडली तर आठवडाभर सुनेला लांब ठेवा त्यांच्यापासून. भिंतीपलीकडे काय होत नाय."

"पण सोडतील ना?"

सुंदराबाईने खीर घेतली आणि आत नेऊन ठेवली. तिला भीती वाटत होती ती किरणांची नव्हती. माणूस उपचाराला नाही म्हणून घरी बसला की काय होतं ते तिने वॉर्डात पाहिलं होतं. आधी डोळे पिवळे होतात. मग पोटात पाणी भरतं. मग माणूस दिवसाढवळ्या भलत्यालाच आईच्या नावाने हाका मारू लागतो. रोज सकाळी उजेडात ती बुधाजीचे डोळे बघायची. शनिवारी तिला ते पिवळे वाटले. तिने त्याला गॅलरीत नेलं, पुन्हा बघितले, पांढरे होते.

त्या दुपारी ती खिडकी आणि तो यांच्या मध्ये जाऊन बसली. आता तिचं तोंड बघण्यावाचून त्याला इलाज नव्हता.

"मी चुकले," ती ओठांनी म्हणाली. "पण तुमी मला सांगा, रिंगखात्यात सगळे बहिरे होते का?"

त्याने मान हलवली.

"नाय ना? तरी हातानेच बोलायचात ना? कशाला?"

"आवाज किती होता," तो बोलला. इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य.

"मग त्या खोलीत पण आवाज आहे. ते मशीन फिरतं ना तुमच्यावरून, केवढ्याने ओरडतं! कुणाचं कुणाला ऐकू येत नाय. मॅडमचं हेरंबला नाय, हेरंबचं नर्सला नाय. मी बाहेर बसलेली, माझे कान बसले. तिथं हाताशिवाय भागत नाय, कुणाचंच."

ती खोटं बोलत होती. मशीन जवळजवळ मुकं होतं. आणि हे खोटं तपासून बघायला बुधाजीजवळ कानच नव्हते. ते तिला बोलताबोलताच जाणवलं आणि तिची जीभ अडखळली.

बुधाजीचे डोळे तिच्या अडखळलेल्या ओठांवर होते.

"किती आवाज?" त्याने विचारलं.

"डंकाएवढा."

"हो," तो म्हणाला. मान एकदा खाली.

कळलं म्हणून की कळलं नाही म्हणून, की तिसरंच काही, हे तिला कधीच समजलं नाही. पण त्याने तिचा उजवा हात धरला, बोटं मिटली, आणि अंगठा उचलून मुठीच्या आत दाबला. "अशी. अंगठा बाहेर ठेवलास तर लांबून पंजा वाटतो. खांद्याच्या वर. आणि उघडेपर्यंत हलवायची नाय. अर्धवट मुठीने आमच्या खात्यातल्या रामजीची दोन बोटं गेली होती."

"हेरंबला शिकवू?"

"तो पोरगा मला नवा. तू राहा."

*

किरणांमुळे मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग सुंदराबाईचं पोरं होण्याचं वय सरलेलं बघून हो म्हटलं. शिसं भरलेला एप्रन अंगावर चढला तेव्हा ती ओझ्याने खांद्यातून वाकली. गळ्याभोवती आणखी एक पट्टा. हेरंबला तिने बाहेरच सगळं सांगितलं होतं. तो आत शिरला आणि बुधाजीला दिसेल अशा बेताने नर्सला हातवारे करू लागला. वाटी, कापूस, ते नको, हे. नर्स पण दोन्ही हातांनी काहीबाही उत्तरं देत होती. एरवी सुंदराबाईला हसू आवरलं नसतं.

बुधाजी अंगभर हिरव्या चादरीखाली. मशीनचा गोल हात त्याच्या पोटावर. मॅडम जांघेशी वाकलेल्या. स्क्रीनवर राखाडी धुकं. सुंदराबाई त्याच्या डाव्या बाजूला उभी होती, नुसते डोळे वळवले की दिसेल अशी.

"आता," मॅडम म्हणाल्या. "श्वास घ्या आणि रोखा."

सुंदराबाईने तळहाताने भरून घे अशी खूण केली. त्याची छाती वर आली. तिने मूठ मिटली, अंगठा आत.

छाती थांबली.

पडद्यावर एक काळी रेघ उगवली. तिला फाटे फुटले, फाट्यांना फाटे, पानं झडलेलं झाड. सुंदराबाई मनात मोजत होती. आठ. नऊ. दहा. बुधाजीचे डोळे तिच्या मुठीवर. बारा. चौदा.

"थांबा," मॅडम पडद्याला नाक लावून म्हणाल्या. "थांबा, थांबा, आहे काहीतरी..."

सोळा. अठरा. त्याचे ओठ जांभळट होऊ लागले. छाती आतून धक्के मारत होती, तो तिला दाबून धरत होता. वॉर्डात असे ओठ दिसले की ती धावत सिस्टरला बोलवायची. इथं ओठ तसे करणारी तीच होती. मूठ उघडली तर तो श्वास घेईल, फोटो हलेल, मॅडम हातमोजे काढतील आणि सगळं संपेल. मूठ उघडली नाही तर हा माणूस, जो मरेस्तोवर खूण पाळेल, तो... वीस. मॅडम, सोडू का, असं तिला विचारायचं होतं.

"घ्या! घ्या श्वास!"

तिला ऐकू आलं. पण मूठ उघडेना. बोटं आवळून घट्ट झाली होती, जणू दुसऱ्या कुणाची. बुधाजी अजून मुठीकडेच बघत होता, डोळ्यांच्या कडा लाल. तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं ओढली, एक, दोन, आणि पंजा फाकला.

बुधाजीने तोंड उघडून हवा ओढली. खोकला आला, पण पाय हलला नाही.

"सापडली," मॅडम म्हणाल्या. "ही बघा. सरळ जठरात जाते. बारीक आहे, पण आहे. मागच्या वेळी मणी सोडले असते तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग सुंदराबाईकडे वळून म्हणाल्या, "मावशी, अजून चार फोटो लागतील."

सुंदराबाईने मान हलवली आणि पुन्हा मूठ वर केली.

*

मणी दहा दिवसांनी आले, जाड डब्यात, आणि डबा आला तेव्हा तिला काचेपलीकडे उभं केलं. घरी आल्यावर आठवडाभर बुधाजी खिडकीशी आणि ती दाराशी. जगदीशची बायको मुलीला घेऊन माहेरी. रमाबाईंची सून दुसऱ्या मजल्यावर. बारा फुटांच्या खोलीत दोन टोकांना बसून दोघं हातांनी बोलत होती, चहा, पाणी, औषध, आणि रमाबाई गॅलरीत दिसल्या की जॉबर येतोय.

जगदीश दारात बसून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने बापासमोर येऊन, लांबूनच, ओठ सावकाश हलवत विचारलं, "बाबा, ते पंजा उघडायचं... कशाचं?"

"चालू कर," बुधाजी म्हणाला. मग जरा थांबून, "आकडे सांगितले असते मी. पण तो मिलचा डॉक्टर मागे उभा होता."

जगदीशने मान खाली घातली. मग हात वर करून मूठ करून दाखवली.

"अंगठा आत," बुधाजी म्हणाला.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. मॅडमच्या खोलीत दोघं बसली, जगदीश मागे उभा. मॅडमनी काहीतरी दाबलं, पडदा उजळला, आणि त्या खुर्ची फिरवून पडद्याकडे वळल्या. पाठ यांच्याकडे. एक चित्र गेलं, दुसरं आलं. मग पहिलंच परत आलं. मॅडम काही बोलत नव्हत्या, बोलल्या असत्या तरी बुधाजीला दिसलं नसतं. तो सुंदराबाईकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे नव्हे, मांडीकडे. त्याची छाती हलत नव्हती.

सुंदराबाईने खाली पाहिलं. तिची उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती, अंगठा आत. कधी मिटली ते तिला ठाऊक नव्हतं. तिने बोटं उघडायला घेतली, आणि मॅडमच्या पाठीकडे बघत, अर्ध्यातच थांबली.